वैद्यकीय प्रशिक्षणातील प्रतिरूपे

रुग्णाला हात लावण्यापूर्वी विद्यार्थ्याला एखादे कौशल्य आत्मसात करता यावे, यासाठी घडवलेल्या शरीरसदृश उपकरणास वैद्यकीय प्रतिरूप म्हणतात. सुई टोचण्याचा कृत्रिम हात, प्रसूतीच्या सरावाचा कटिभाग, संगणकावर चालणारा पूर्णाकृती पुतळा ही त्याची रूपे होत. भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांत 2019 च्या अभ्यासक्रमापासून कौशल्य प्रयोगशाळेला महत्त्वाचे स्थान मिळाले.

ही कल्पना मात्र जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्या’ म्हणजे सराव या विषयावर स्वतंत्र अध्याय आहे. छेदनासाठी कोहळा, भोपळा, काकडी. शिरावेधासाठी मृत जनावराची शीर किंवा कमळाचा देठ. पट्टी बांधण्यासाठी माणसाच्या आकाराचा बाहुला, असे त्यात सांगितले आहे. भोपळा माणसासारखा दिसत नाही. पण शस्त्राला होणारा विरोध त्यातून हाताला कळतो. प्रतिरूपाचा खरेपणा दिसण्यावर नव्हे, तर शिकवायच्या कृतीला मिळणाऱ्या प्रतिसादावर ठरतो. नॉर्वेचे खेळणी उत्पादक आस्मुंड लेर्डाल यांनी 1960 मध्ये आणलेल्या ‘रेसुसी अ‍ॅन’ या पुतळ्याचा चेहरा प्रसिद्ध झाला. परंतु त्याचे मर्म छातीतील स्प्रिंगमध्ये आणि मान मागे झुकवल्याखेरीज हवा आत न जाण्याच्या रचनेत आहे.

कोणता प्रतिसाद हवा, हे स्थानिक आजारांवरूनही ठरते. महाड-पोलादपूर परिसरात लाल विंचवाचा दंश ही गंभीर समस्या होती. 1976 पासून बिरवाडी येथे व पुढे महाडमध्ये काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाच्या पूर्वलक्षणांविषयीचा लेख 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला; प्राझोसिन या औषधाचा उपयोगही पुढे त्यांनीच रूढ केला. दरदरून घाम, उलटी व थंडगार हातपाय ही आरंभीची लक्षणे. विषाचा खरा आघात हृदयावर होतो आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी साचू शकते. बहुतेक पुतळ्यांचे हातपाय मात्र थंड पडत नाहीत. अशा वेळी पाण्यात मिसळलेले ग्लिसरीन फवारून घाम दाखवता येतो आणि बर्फाच्या पिशवीने तळवे गार ठेवता येतात. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही.

काळाचे गणित अधिक अवघड. तासांचा क्रम मिनिटांत बसवावा लागतो. प्राझोसिन वेळेत दिल्यास वाढलेला रक्तदाब उतरतो, उशीर झाल्यास छातीत बुडबुड्यांचा आवाज सुरू होतो, आणि पहिल्या मात्रेनंतर रुग्णाला एकदम उठवून बसवल्यास दाब कोसळतो, अशा तिन्ही वाटा त्यात ठेवाव्या लागतात.