भिंतीवरची पेटी आणि गटाचे पैसे

आज आपण एका अशा वस्तूबद्दल बोलणार आहोत, जिच्याकडे ती बंद पडेपर्यंत आपण कधी बघत नाही. ग्रामसंघाच्या कार्यालयात, पंचायतीत, शाळेत, काहींच्या घरीसुद्धा भिंतीवर किंवा टेबलाच्या कोपऱ्यात दिवे लुकलुकणारी एक पेटी असते. कुणी तिला मोडेम म्हणतं, कुणी राउटर, कुणी नुसतं ‘नेटचा डबा’. फोनच्या तारेतून येणारं इंटरनेट ही पेटी आपल्यापर्यंत पोचवते.

आम्हीही तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं. मग गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक गोष्ट घडली. आमच्या कोषाध्यक्ष वहिनी आणि सीआरपी ताई कार्यालयातल्या संगणकावर बँकेचं खातं बघायला बसल्या होत्या. खात्यात गटांच्या हप्त्यांचे १ लाख ८० हजार जमा होते. बँकेचं पान उघडलं. रंग तोच, चिन्ह तेच. पण खाली एटीएम कार्डाचा नंबर आणि पिन मागितला होता. ताईंचा हात कीबोर्डवर गेलाही होता. वहिनी म्हणाल्या, “थांबा. पिन बँक कधीच मागत नाही, असं मेळाव्यात सांगितलं होतं ना आपल्याला?”

मग त्यांनी तेच पान स्वतःच्या मोबाइलवर, मोबाइलच्याच नेटवर उघडलं. तिथे पिन कुणी मागत नव्हतं. कार्यालयाचं वायफाय जोडून बघितलं, तर पुन्हा पिन मागायला लागलं. म्हणजे खोट संगणकात नव्हती, मोबाइलमध्ये नव्हती. ती आमच्या भिंतीवरच्या पेटीत होती.

लाइन बघणारे दादा आले. त्यांनी मोडेमची सेटिंग उघडली आणि दाखवलं. कुठल्या नावाचा पत्ता कुठे आहे हे ज्याला विचारायचं, त्याचा आकडाच कुणीतरी बाहेरून बदलला होता. त्याला डीएनएस म्हणतात. आपण पाटलांच्या घरचा रस्ता विचारावा आणि चौकातल्या माणसाने मुद्दाम दुसऱ्याच घराकडे पाठवावं, तसं झालं होतं. आम्ही बँकेचं नाव बरोबर टाकत होतो आणि पोचत होतो चोराच्या दारात.

आम्ही म्हटलं, “दादा, रिसेट करून टाका.” ते म्हणाले, “रिसेट करतो, पण तेवढ्याने भागणार नाही. घर झाडून घेतलं, तरी कडी तुटलेलीच आहे. याचं फर्मवेअर जुनं आहे.” हा शब्द आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

तर फर्मवेअर म्हणजे काय? मोडेम म्हणजे नुसती तारा जोडायची पेटी नव्हे, तो एक छोटा संगणकच असतो. कसं चालायचं, कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर ठेवायचं, हे सांगणारा एक प्रोग्राम त्याच्या आत कायमचा साठवलेला असतो. वीज गेली तरी तो पुसला जात नाही. त्यालाच फर्मवेअर म्हणतात. पेटी बनली त्या दिवशीचा प्रोग्राम तिच्यात असतो. पुढे त्यात चुका सापडतात, चोरांना त्यातल्या फटी कळतात. मग बनवणारी कंपनी फट बुजवलेला नवा प्रोग्राम काढते. तो पेटीत घालणं म्हणजे फर्मवेअर अपडेट.

आपला मोबाइल अपडेट आलं की स्वतःहून सांगतो. जुने मोडेम बहुतेक वेळा काहीच सांगत नाहीत. आमच्या मोडेमला सहा वर्षं झाली होती. नेट चालत होतं, म्हणून आम्हाला वाटलं सगळं ठीक आहे.

हे आमच्याच एका कार्यालयात झालं असं मानू नका. ब्राझील देशात २०११ साली हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. फोनच्या तारेवर चालणाऱ्या सुमारे ४५ लाख मोडेमची सेटिंग चोरांनी बाहेरून बदलली. लोकांना बँकेच्या खोट्या पानांवर नेलं. फट मोडेमच्या आतल्या प्रोग्रामातच होती. ज्यांनी पासवर्ड बदलला होता, त्यांचाही पासवर्ड त्या फटीतून चोरांना मिळत होता. म्हणजे नुसता पासवर्ड बदलून पुरत नाही.

आता उलटी गोष्ट आपल्या देशातली. २०१७ च्या जुलैमध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांच्या मोडेमवर एका घातक प्रोग्रामने हल्ला केला आणि मोडेम बंद पडले. ज्यांचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच, म्हणजे ‘अॅडमिन’ होता, ते मोडेम सापडले. पासवर्ड बदला, असं कंपनीला ग्राहकांना सांगावं लागलं. म्हणजे नुसतं अपडेट करूनही पुरत नाही. दाराला नवी कडी लावली आणि किल्ली उंबऱ्यावर ठेवली, तर काय उपयोग?

म्हणून आमचं सांगणं एकच आहे. नवं फर्मवेअर आणि नवा पासवर्ड, दोन्ही कामं जोडीने करा. एक करून दुसरं सोडू नका.

आता ही तार कशी चालते ते थोडक्यात बघू, म्हणजे कुठल्या दुखण्यावर अपडेट हे औषध आहे आणि कुठल्यावर नाही, ते कळेल. या इंटरनेटला डीएसएल म्हणतात. फोनची तांब्याची तार तीच. तिच्यातून खालच्या पट्टीत आपलं बोलणं जातं आणि वरच्या पट्टीत इंटरनेट. भिंतीपाशी बसवलेली छोटी डबी, म्हणजे स्प्लिटर, दोघांना वेगळं करते. तारेच्या दुसऱ्या टोकाला, टेलिफोन एक्सचेंजमध्ये एक मोठं यंत्र असतं. आपला मोडेम सुरू झाला की आधी त्या यंत्राशी जुळवून घेतो आणि मग नेट सुरू होतं. एक्सचेंज जितकं लांब, तितका वेग कमी. पाच किलोमीटरवरच्या वस्तीला गावठाणासारखा वेग मिळत नाही, कितीही अपडेट केलं तरी.

फोन उचलल्यावर खरखर येत असेल, पावसात नेट जात असेल, तर दुखणं तारेचं आहे. जोड गंजला असेल, तारेत पाणी गेलं असेल. तिथे लाइनमनच हवा. मोडेमवर ‘डीएसएल’ लिहिलेला दिवा लुकलुकत राहिला, तर एक्सचेंजशी जुळत नाही असं समजा. तो स्थिर आहे आणि ‘इंटरनेट’चा दिवा लागत नाही, तर युजरनेम, पासवर्ड किंवा कंपनीकडची अडचण असू शकते. तार चांगली आहे, फोन स्वच्छ ऐकू येतो आणि तरी नेट सारखं तुटतं, तेव्हा मात्र जुन्या फर्मवेअरकडे बघावं. एक्सचेंजचं यंत्र कंपनी बदलते, त्याचाही प्रोग्राम नवा करते आणि आपला जुना मोडेम कधीकधी त्याच्याशी नीट जुळत नाही.

आता अपडेट कसं करायचं ते सांगतो. आधी आमची चूक ऐका. दादांनी समजावलं आणि दुसऱ्या दिवशी आम्हीच करायला बसलो. दुपारचे दोन वाजले होते. प्रोग्राम अर्धा भरला आणि वीज गेली. परत आली तेव्हा मोडेमचा एकच दिवा पेटून राहिला, बाकी काही नाही. पेटी कायमची गेली. नव्यासाठी गटांनी वर्गणी काढली आणि चार दिवस कार्यालयाची सगळी ऑनलाइन कामं अडली. घाई आमची होती. ती तुम्ही करू नका.

पहिलं काम, मोडेम कुणाचा ते बघा. नेट देणाऱ्या कंपनीने दिलेला असेल, तर आधी तिच्या ग्राहक सेवेला विचारा. पुष्कळ कंपन्या तारेवरून स्वतःच अपडेट करतात. जर्मनीत नोव्हेंबर २०१६ मध्ये डॉइश टेलिकॉम कंपनीच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे मोडेम बाहेरून झालेल्या माऱ्याने कोलमडले. कंपनीने नवा प्रोग्राम काढला आणि लोकांना सांगितलं, मोडेमची वीज काढा, थोडं थांबा, परत लावा. चालू होताना मोडेमने नवा प्रोग्राम आपोआप घेतला. कंपनी असं करत असेल, तर आपण हात लावायची गरज नाही.

दुसरं काम, मोडेम आपण बाजारातून विकत घेतला असेल, तर पेटी उलटी करा. खालच्या चिठ्ठीवर मॉडेलचं नाव आणि हार्डवेअरचं व्हर्जन असतं. त्याचा मोबाइलवर फोटो काढा. एकाच नावाच्या मॉडेलची दोन-तीन व्हर्जन असतात आणि एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. चुकीची फाइल घातली तरी पेटी जाऊ शकते.

तिसरं काम, संगणक मोडेमला तारेने जोडा. हे काम वायफायवर करू नका, मध्येच तुटलं तर घोटाळा होतो. ब्राउझरमध्ये मोडेमचा पत्ता टाका. पुष्कळ ठिकाणी तो एकशे ब्याण्णव, डॉट, एकशे अडुसष्ट, डॉट, एक, डॉट, एक असा असतो. नाहीतर चिठ्ठीवर लिहिलेला असतो. आत गेल्यावर इंटरनेटच्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा. युजरनेम आणि व्हीपीआय, व्हीसीआय नावाचे दोन आकडे वहीत लिहा. आमच्याकडे ते ० आणि ३५ आहेत. नेटचा पासवर्ड पडद्यावर ठिपक्यांत दिसतो, तो आठवत नसेल तर आधीच कंपनीकडून घ्या. अपडेटनंतर मोडेम कधीकधी सगळं विसरतो, तेव्हा हेच परत भरायचं असतं.

चौथं काम, फाइल फक्त मोडेम बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. व्हिडिओखाली दिलेली लिंक नको, कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली फाइल नको. मोडेममध्ये आत्ता कोणतं व्हर्जन आहे ते त्याच्याच पानावर दिसतं. तेच ताजं असेल, तर अपडेटचं काम संपलं. फक्त पासवर्ड बदला.

पाचवं काम, वेळ निवडा. भारनियमनाची वेळ टाळा. इन्व्हर्टर असेल तिथे मोडेम आणि संगणक दोन्ही त्यावर घ्या. मग मोडेमच्या पानावर ‘मेंटेनन्स’ किंवा ‘मॅनेजमेंट’मध्ये फर्मवेअर अपग्रेड असं असतं. तिथे फाइल निवडा, बटण दाबा आणि हात मागे घ्या. पाच-दहा मिनिटं कशालाही हात लावायचा नाही. मोडेम स्वतः बंद होऊन चालू होईल. दिवे स्थिर झाले की काम झालं.

सहावं काम, लगेच पासवर्ड बदला. मोडेमच्या आत जायचा वेगळा आणि वायफायचा वेगळा. गटाचं नाव, गावाचं नाव, मोबाइल नंबर नको. ‘रिमोट मॅनेजमेंट’ चालू दिसलं, तर कंपनीला विचारून बंद करा. नवा पासवर्ड भिंतीवर चिकटवू नका. अध्यक्ष आणि सचिव, दोघींकडे कुलपात राहू दे.

आता एक सावधगिरी. या अपडेटच्या नावानेही फसवणूक होते. कुणी फोन करून म्हणेल, “तुमच्या मोडेमचं अपडेट आहे, ओटीपी सांगा,” किंवा “हे अॅप मोबाइलवर टाका.” मोडेमच्या अपडेटला ओटीपी लागत नाही, बँकेचा तर नाहीच. फोन ठेवून द्या. पैसे गेलेच, तर लाजू नका, वेळ घालवू नका. १९३० या नंबरवर लगेच कळवा आणि बँकेलाही सांगा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

काही मैत्रिणी विचारतील, आमच्या मोडेमची नवी फाइलच मिळत नाही, मग काय? काही वर्षांनी कंपनी जुन्या मॉडेलचे अपडेट काढणं थांबवते. मग त्यातली फट कुणीच बुजवणार नाही. अशी पेटी चालू दिसली तरी गटाच्या पैशाच्या कामाला वापरू नये. ग्रामसंघाच्या वार्षिक खर्चात नव्या मोडेमची तरतूद करा. गावात फायबर आलं असेल, तर तिथली पेटी वेगळी असते आणि तिचं अपडेट बहुतेक कंपनीच करते. पण पासवर्ड बदलणं आपल्याकडेच राहतं.

आम्ही आता ग्रामसंघाच्या वहीत एक पान राखलं आहे. मोडेमचं मॉडेल, व्हर्जन, शेवटचं अपडेट कधी केलं, पासवर्ड कधी बदलला. दर तीन महिन्यांनी, हिशेब तपासणीच्या बैठकीतच ते पान वाचलं जातं. सही कोषाध्यक्ष वहिनी करतात, कारण त्या दिवशी थांबा म्हणाल्या त्या त्याच. त्या सातवी शिकलेल्या आहेत. फर्मवेअर हा शब्द त्यांनाही माहीत नव्हता. पण पिन कुणाला द्यायचा नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि त्यामुळेच ते १ लाख ८० हजार जागेवर राहिले.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. मोडेमची पेटी उलटी करा, चिठ्ठीचा फोटो काढा आणि पासवर्ड अजून ‘अॅडमिन’च आहे का ते बघा. काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा. आज इथेच थांबतो. नमस्कार.