हात नाडीवर, नजर छातीवर

सिस्टर पेशंटचं मनगट धरून उभी असते. पेशंटला वाटतं, नाडी बघतायत. नाडी केव्हाच मोजून झालेली असते. आता ती त्याची छाती वरखाली होताना मोजत असते आणि त्याला ते कळू नये, म्हणून मनगट सोडत नाही. ‘आता श्वास मोजते हं’ म्हटलं की हिशेब बिघडलाच. नाडी कोणी मोजतंय म्हणून ती ठरवून हळू करता येत नाही. श्वासाचं तसं नाही. लक्ष गेलं की माणूस नकळत लांब श्वास घ्यायला लागतो. म्हणून नर्सिंगच्या विद्यार्थिनींना ही निरुपद्रवी लबाडी रीतसर शिकवली जाते. अंगावर जाड चादर असेल, तर पेशंटचा हात त्याच्याच छातीवर आडवा ठेवायचा. हात उचलला जाऊन खाली बसला की एक श्वास. असं पूर्ण एक मिनिट.

धडधाकट माणूस स्वस्थ पडलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. हा आकडा हलतो तो बऱ्याचदा इतर आकड्यांच्या आधी. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला किंवा आम्लता वाढली, की लंबमज्जेतलं श्वसनकेंद्र लगेच वेग वाढवतं. त्यामुळे फुप्फुसं ठणठणीत असतानाही श्वास वाढू शकतो. मधुमेहात रक्तातली आम्लता चढली की पेशंट खोल, धापा टाकल्यासारखे श्वास घेतो. जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला तरी वेग चढतो. उलट मॉर्फीनसारखं औषध जास्त झालं, तर तो उतरत जातो.

करोनानंतर घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि ‘९७ आहे ना, मग काळजी नाही’ हे वाक्यही आलं. ते ९७ शरीर कशाच्या जोरावर टिकवतंय, हे ऑक्सिमीटर सांगत नाही. मिनिटाला २८ श्वास घेऊन राखलेले ९७ आणि १४ श्वासांतले ९७ यांत फार फरक आहे. त्यात नाकाला ऑक्सिजनची नळी असेल, तर बोटावरचा आकडा आणखीच दिलासा देतो.

ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये धोक्याची आगाऊ सूचना देणारी गुणपद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. तिच्यात १२ ते २० श्वासांना शून्य गुण, २१ ते २४ ला दोन आणि २५ किंवा अधिक असतील तर तीन. एकाच नोंदीला तीन गुण पडले, तरी पेशंटला तातडीनं तपासायचं.

आता वॉर्डातलं वास्तव. एका सिस्टरकडे तीस पेशंट असतील, तर नुसते श्वास मोजायलाच अर्धा तास हवा. मधेच सलाइन संपतं, कोणाचा नातेवाईक हाक मारतो, डॉक्टरांचा राउंड येतो. मग पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं. पण असं मोजलं, की चार्टवर १६, २०, २४, २८ असे चारच्या पटीतलेच आकडे येऊ शकतात. पंधरा सेकंदांत पाच श्वास दिसले तर २०, गुण शून्य. सहा दिसले तर २४, गुण दोन. सहावा श्वास धरायचा की नाही, यावर सगळं अवलंबून! आणि घाई त्याहून जास्त असेल, तर न मोजताच १८ किंवा २० लिहिलं जातं. ओळीनं सगळ्या खाटांवर २० दिसले, तर ते पेशंटचे श्वास नसून ड्यूटीवरची दमछाक आहे, असं खुशाल समजावं. ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय नियतकालिकात २००८ साली एका लेखानं या नोंदीला ‘दुर्लक्षित’ म्हटलं, ते उगाच नाही. मात्र दोष एकट्या सिस्टरच्या माथी मारणं मला पटत नाही. जे मोजायला वेळच दिलेला नाही, त्याचा रकाना कोरा राहिला तर बोलणी तिलाच बसतात.

मग मॉनिटर आहे की? छातीवरच्या चकत्यांमधून तो अगदी सूक्ष्म वीजप्रवाह सोडतो; छाती फुगली की विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून तो श्वास मोजतो. पेशंट खोकला, कुशीवर वळला, तरी मॉनिटर त्याला श्वास समजू शकतो. याहून वाईट म्हणजे घसा बंद होऊन हवा आत जात नसेल आणि छाती नुसतीच धडपडत असेल, तर तीही धडपड श्वास म्हणून मोजली जाऊ शकते.

या आकड्याचं मोल गडचिरोलीनं फार पूर्वी ओळखलं होतं. तिथं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना बाळांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. त्या गावांतले न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी राहिले. हे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. अडचण एकच होती: दायांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नसे. त्यावर एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी असं साधन निघालं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलं, तर न्यूमोनिया. दोन महिन्यांखालच्या बाळासाठी ६० श्वासांची ओळ, त्याहून मोठ्या बाळांसाठी ५० ची. इतक्या लहान बाळाचे श्वास ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर आजही पुन्हा अख्खं मिनिट मोजायला सांगतात, कारण तान्हं बाळ मधेच काही सेकंद श्वास थांबवतं आणि मग भराभर घेतं. तिथं पंधरा सेकंदांचा गुणाकार चालतच नाही.