पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं होडीचं इंजिन घरी पुन्हा सुरू करता येतं का?

कुणाच्या तरी गोठ्यात, गॅरेजमध्ये किंवा माळ्यावर धूळ खात पडलेलं आऊटबोर्ड इंजिन. दोरी ओढली तर फिरतं, पण सुरू होत नाही. भंगारवाला किलोच्या भावानं न्यायला तयार असतो. मात्र अशी बरीच इंजिनं मेलेली नसतात, फक्त बंद पडलेली असतात. त्यांना परत कामाला लावण्यासाठी मोठा कारखाना लागत नाही. काही पाने, एक फ्लायव्हील पुलर, फिलर गेज आणि भरपूर सबुरी एवढ्यावर काम भागतं. अमेरिकेत आणि कॅनडात तळ्याकाठी राहणाऱ्या हजारो लोकांचा हा हिवाळ्यातला छंद आहे.

हा छंद नेमका चालतो कसा, त्यात काय बदलावं लागतं आणि कुठे थांबायला हवं, ते समजून घेऊ.

आऊटबोर्ड म्हणजे काय?

होडीच्या पोटात बसवलेलं इंजिन म्हणजे इनबोर्ड. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून पकडीनं अडकवलेलं, वर इंजिन, मध्ये उभा दांडा आणि खाली गिअर व पंखा असं एकसंध यंत्र म्हणजे आऊटबोर्ड. ते काढून खांद्यावरून घरी नेता येतं. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना फिरवणाऱ्या फायबरच्या होड्यांमागे दिसतं तेच हे यंत्र.

या यंत्राला लोकप्रिय केलं ते नॉर्वेतून अमेरिकेत गेलेल्या ओले इव्हिनरूड या कारागिरानं. १९०९ मध्ये त्यानं मिलवॉकी शहरात आपली इंजिनं विकायला सुरुवात केली. व्यवहाराची बाजू त्याची पत्नी बेस सांभाळत असे. पुढे इव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन्ही नावं एकाच कंपनीच्या, म्हणजे आऊटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनच्या छत्राखाली आली. ही कंपनी २००० साली दिवाळखोरीत गेली. इव्हिनरूड हे नाव नंतर दुसऱ्या कंपनीकडे गेलं आणि २०२० मध्ये त्या नावाच्या इंजिनांचं उत्पादनही थांबलं.

पण १९५० आणि ६० च्या दशकांत या कंपनीनं प्रचंड संख्येनं इंजिनं बनवली होती. त्यातलं एक म्हणजे जॉन्सनचं साडेपाच हॉर्सपॉवरचं छोटं इंजिन. १९५४ ते १९६४ या काळात ते बनत होतं. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, साधारण १४५ सीसी. रचना साधी आणि सुटे भाग अजून मिळण्यासारखे, त्यामुळे नवशिक्यांना याच इंजिनापासून सुरुवात करायचा सल्ला दिला जातो. पुढचं वर्णन मुख्यतः अशाच इंजिनाचं आहे.

ज्यांनी लुना, राजदूत किंवा जुनी बजाज स्कूटर चालवली आहे, त्यांना यातलं निम्मं ओळखीचं वाटेल. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणं, प्लगवरचा कार्बन काढणं, पॉइंट घासणं हे सगळं इथेही आहे. वेगळं आहे ते पाणी.

आधी नाडी बघायची

पैसे मोजण्याआधी किंवा पाना हातात घेण्याआधी तीन गोष्टी तपासतात.

पहिली, फ्लायव्हील हातानं फिरतं का? घट्ट बसलं असेल तर दोरी हिसकायची नाही. प्लग काढून दोन्ही भोकांतून थोडं पातळ तेल सोडायचं आणि काही दिवस तसंच ठेवायचं. पिस्टनच्या रिंगा गंजानं किंवा वाळलेल्या ऑइलनं चिकटलेल्या असतात, त्या पुष्कळदा अशा सुटतात.

दुसरी, कॉम्प्रेशन. गेज लावून दोन्ही सिलिंडरचा दाब मोजायचा. आकडा नेमका किती, यापेक्षा दोन्ही आकडे जवळपास सारखे असणं महत्त्वाचं. फरक १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर रिंग, गॅस्केट किंवा सिलिंडरमध्ये दोष आहे असं समजायचं. आऊटबोर्डच्या या आजारात खर्च इंजिनाच्या किमतीच्या वर जाऊ शकतो.

तिसरी, इंजिन कुठल्या पाण्यात चाललं आहे? गोड्या पाण्यातलं असेल तर बोल्ट सहसा सुटतात. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमचं अंग आणि पोलादी बोल्ट एकमेकांना धरून बसतात. असा बोल्ट जोर लावून फिरवला की डोकं तुटून हातात येतं आणि अर्धा भाग आतच राहतो. म्हणून गंज सोडवणारं तेल, हलकी उष्णता आणि हळूहळू पुढे-मागे हलवणं हाच उपाय. इथे गेलेला एक दिवस पुढचे चार दिवस वाचवतो.

ठिणगी: सगळ्यात जास्त वेळा इथेच अडतं

या इंजिनाला बॅटरी नसते. फ्लायव्हीलमधलं चुंबक फिरतं, त्याखालच्या कॉईलमध्ये वीज तयार होते आणि पॉइंट उघडले की प्लगला ठिणगी मिळते. याला मॅग्नेटो म्हणतात. दोन सिलिंडर, म्हणून दोन कॉईल, दोन पॉइंट आणि दोन कंडेन्सर.

१९५० च्या दशकातल्या कॉईलवरचं आवरण वयानुसार तडकतं. त्या भेगांतून वीज प्लगपर्यंत जाण्याऐवजी बाजूच्या धातूत उतरते. त्यामुळे जुनं इंजिन उघडलं की कॉईलला तडे आहेत का, हे आधी बघतात. असले तर चाचणी करत बसण्यापेक्षा नव्या कॉईल टाकणं शहाणपणाचं.

त्यासाठी फ्लायव्हील काढावं लागतं. ते निमुळत्या दांड्यावर घट्ट बसलेलं असतं. हातोड्यानं ठोकलं तर दांडा किंवा चुंबक खराब होऊ शकतं, म्हणून पुलर वापरायचा. मधली छोटी चावी हरवू द्यायची नाही, कारण ठिणगीची वेळ तिच्यावरच अवलंबून असते.

पॉइंट वर्षानुवर्षं न वापरल्यानं काळे पडतात. बारीक घासून, नंतर पुसून, फिलर गेजनं त्यांच्यात ०.०२० इंच म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर अंतर ठेवतात. ठिणगी चांगली आहे की नाही, याची कसोटी सोपी आहे. उघड्या हवेत तिनं जवळपास ६ मिलिमीटर उडी मारली पाहिजे. ही चाचणी करताना प्लगची भोकं बंद हवीत आणि आसपास पेट्रोल नको. सिलिंडरमधली वाफ पेटायला ती एकच ठिणगी पुरते.

इंधन: वाळलेलं पेट्रोल आणि दाबाची टाकी

कार्बुरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट पिवळा थर राहतो. जेटची बारीक भोकं त्यानं बुजतात. कार्बुरेटर पूर्ण उघडून, क्लीनरमध्ये धुऊन, प्रत्येक वाटेतून हवा मारावी लागते. भोकात तार घालायचा मोह टाळायचा. भोक किंचित जरी मोठं झालं तरी मिश्रणाचं प्रमाण बिघडतं.

जुन्या कार्बुरेटरमधला फ्लोट बुचाच्या लाकडाचा असतो. त्यावरचं पॉलिश उडालं की तो पेट्रोल पितो, जड होतो आणि कार्बुरेटर वाहू लागतो. आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलसमोर ते जुनं पॉलिश आणि जुने रबरी पाइप तग धरत नाहीत. दोन्ही बदललेले बरे.

एक गोष्ट विशेष जपायची. १९५० च्या दशकातल्या अनेक जॉन्सन-इव्हिनरूड इंजिनांच्या इंधन टाकीला दोन नळ्या असतात. एका नळीतून इंजिन टाकीत हवेचा दाब भरतं, दुसरीतून पेट्रोल बाहेर येतं. म्हणजे पायाजवळ पेट्रोलची दाबाखालची टाकी असते. तिचं गॅस्केट किंवा नळी गळकी असेल तर होडीत आग लागण्याचा धोका आहे. टाकीची पूर्ण दुरुस्ती जमत नसेल तर इंजिनाला वेगळा इंधन पंप बसवून साधी टाकी वापरण्याचा मार्ग पुष्कळ जण निवडतात. त्यासाठी इंजिनात थोडा बदल करावा लागतो. असली रूप थोडं बिघडलं तरी चालतं, सुरक्षितता बिघडून चालत नाही.

पाणी: एका रबराच्या चकतीवर सगळं अवलंबून

स्कूटर वाऱ्यावर थंड होते. आऊटबोर्ड ज्या पाण्यात उभं असतं तेच पाणी वर ओढून स्वतःला थंड ठेवतं. हे काम करतो खालच्या भागातला रबरी इम्पेलर. वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिल्यानं त्याची पाती वाकतात आणि तशीच कडक होतात. दिसायला ठीक असला तरी तो बदलतात. भाग स्वस्त आहे, पण त्याच्यामुळे तापलेलं इंजिन परत मिळत नाही.

त्याच वेळी गिअरचं ऑइलही बघायचं. खालचा स्क्रू काढल्यावर आधी पाणी आलं किंवा ऑइल दुधाळ निघालं, तर ऑइल सील गेले आहेत. थंड प्रदेशात असं आत राहिलेलं पाणी हिवाळ्यात गोठून गिअरचं घर फोडतं. नवीन ऑइल खालच्या भोकातून वर चढवत भरतात आणि वरच्या भोकातून वाहू लागलं की थांबतात. वरून ओतलं तर आत हवा अडकते.

पंख्याच्या दांड्यात एक मऊ धातूची पिन असते. पंखा दगडावर आपटला की ती तुटते आणि गिअर वाचतात. काही जण वैतागून तिथे कडक पोलादी खिळा घालतात. मग पुढच्या धक्क्याला पिनेऐवजी गिअर तुटतो. जादा पिना होडीतच ठेवायच्या असतात.

ऑइल किती? इथे नवा सल्ला चुकतो

आजच्या टू-स्ट्रोक आऊटबोर्डमध्ये ५० भाग पेट्रोलला एक भाग ऑइल घालतात. साडेपाच हॉर्सपॉवरच्या जुन्या इंजिनात मात्र २४ भागांना एक भाग. १० लिटर पेट्रोलला नव्या हिशोबानं २०० मिली, जुन्या हिशोबानं सुमारे ४२० मिली ऑइल.

याचं कारण आत आहे. जुन्या इंजिनात दांडा काही ठिकाणी कांस्याच्या साध्या बुशिंगमध्ये फिरतो. नंतरच्या इंजिनांत तिथे सुईसारख्या रोलरचे बेअरिंग आले, त्यांना कमी ऑइल पुरतं. नवं प्रमाण जुन्या बुशिंगला उपाशी ठेवतं. आणि ऑइल स्कूटरचं नव्हे, पाण्यानं थंड होणाऱ्या आऊटबोर्डसाठी बनवलेलं, म्हणजे डब्यावर टीसी-डब्ल्यू-३ असं लिहिलेलं हवं.

पहिली ओढ

इंजिन कोरडं कधीही चालवायचं नाही. मोठ्या पिंपात पाणी भरून, पंप पूर्ण बुडेल इतक्या पातळीवर इंजिन मजबूत फळीला अडकवायचं. जागा मोकळी हवी, कारण बंद गॅरेजमध्ये धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. गिअर न्यूट्रलला ठेवून दोरी ओढायची. सैल कपडे आणि हात फ्लायव्हीलपासून लांब.

सुरू झाल्यावर आधी आवाज नाही, पाणी बघायचं. नव्या इंजिनात पाण्याची बारीक धार बाहेर पडताना दिसते. अनेक जुन्या मॉडेलमध्ये ती सोय नाही. तिथे पायाच्या मागच्या भोकांतून पाणीमिश्रित फवारा येतो का आणि सिलिंडरचं डोकं हात लावता येईल इतपतच तापतं का, ते तपासतात. शंका आली की लगेच बंद.

मग ते रोज वापरावं का?

इथे प्रामाणिक उत्तर द्यावं लागतं. जुनं कार्बुरेटरवालं टू-स्ट्रोक इंजिन इंधनाचा मोठा हिस्सा न जाळताच धुराबरोबर पाण्यात सोडतं. रचनाच तशी आहे. जळलेला वायू बाहेर ढकलण्याचं काम ताजं मिश्रण करतं आणि त्यातलं काही स्वतःही निसटतं. उत्तम दुरुस्ती केली तरी हे थांबत नाही. याच कारणानं अमेरिकेतल्या टाहो सरोवरात १९९९ पासून अशा इंजिनांवर बंदी आली. पिण्याच्या पाण्याचं धरण किंवा छोटं तळं असेल तर नियम तपासणं हे पाना हातात घेण्याइतकंच महत्त्वाचं.

दुसरा मुद्दा भरवशाचा. अंगणातल्या पिंपात तासभर चाललेलं इंजिन ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी बंद पडू शकतं. ज्याचं पोट मासेमारीवर आहे, त्यानं साठ वर्षांच्या इंजिनावर एकट्यानं समुद्रात जाऊ नये. पहिले काही फेरे शांत पाण्यात, काठाजवळ आणि सोबत कुणीतरी असताना. वल्ही, लाइफ जॅकेट, जादा प्लग, पिना आणि पाना बरोबर हवेतच. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवून इंजिन धुणं हा नेम चुकवायचा नाही.

एवढं सांभाळलं तर मात्र हाती जे उरतं ते मोलाचं आहे. आजच्या बंदिस्त, संगणकाच्या हुकमतीतल्या इंजिनात बिघाड झाला की पेटी बदलावी लागते. जुन्या इंजिनात ठिणगी, इंधन, दाब आणि पाणी या चारच गोष्टी असतात आणि चारही डोळ्यांना दिसतात. एकदा स्वतःच्या हातानं त्या जुळवल्या की बाजारातल्या कुठल्याही छोट्या इंजिनाची भीती वाटेनाशी होते.