विषवाणिज्याचे नवे पात्र

तंबाखू ही वस्तू गोमंतकात आली ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून. ब्राझीलमधील बाहिया प्रांताची तंबाखू गोव्याच्या बंदरात उतरे आणि तिच्या विक्रीचा मक्ता हे राज्याच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन होते. तपकीर गेली, सिगारेट आली. आता तोच माल तिसऱ्या पात्रातून पुढे येत आहे. ह्या पात्रास ई-सिगारेट म्हणतात. विजेच्या घटाने निकोटिनयुक्त द्रव तापवून त्याची वाफ ओढावयाची, अशी ही योजना चीनमध्ये २००३ साली निघाली.

आरंभी हा उद्योग लहान कारखानदारांचा होता. परंतु श्रीमंत देशांत धूम्रपान ओसरू लागले, तसे तंबाखूच्या मोठ्या पेढ्यांचे लक्ष तिकडे वळले. लोरिलार्ड ह्या अमेरिकन कंपनीने २०१२ साली 'ब्लू' हा धंदा साडेतेरा कोटी डॉलरांस विकत घेतला. पुढील वर्षी ब्रिटिश अमेरिकन टोबॅको कंपनीने इंग्लंडात आपले यंत्र विक्रीस आणले. अमेरिकेत मार्लबोरो विकणाऱ्या आल्ट्रिया कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये 'जूल' कंपनीचा ३५ टक्के हिस्सा १,२८० कोटी डॉलर मोजून घेतला. तो व्यवहार बुडीत गेल्यावरही २०२३ साली तिने दुसरी तशीच कंपनी खरेदी केली. आपल्या देशातही आय. टी. सी. कंपनीने २०१४ साली 'इऑन' नावाची ई-सिगारेट बाजारात आणली होती.

जळत्या तंबाखूचा डांबरी धूर ह्या वाफेत नसतो, आणि धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्यांस इंग्लंडातील वैद्यक अधिकारी तिचा उपयोग सुचवितात, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु २०१९ सालच्या पाहणीत अमेरिकेतील उच्च माध्यमिक शाळांतील २७.५ टक्के विद्यार्थी ती ओढताना आढळले. हे काही व्यसनमुक्तीस निघालेले वृद्ध नव्हेत! जी पेढी विष विकते तीच उतारा विकू लागली, आणि उताऱ्यातही निकोटिन तेच, असा हा हिशेब आहे.

भारत सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम व त्याच वर्षी डिसेंबरात कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात ह्यांस बंदी केली. विक्रीच्या पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. नुसत्या साठ्यासही शिक्षा आहे. तथापि मोह कायद्याने मरत नाही. जानेवारी २०२३ पासून मोपा येथे विमाने उतरू लागली. तेथून मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर जाणारा परदेशी पाहुणा पेडण्याच्या दुकानात ह्या वस्तूची विचारणा करील, हे सांगण्यास ज्योतिषी नको. डिचोलीच्या बाजाराने तर २०१२ व २०१८ साली खाणी बंद पडल्याची मंदी भोगली आहे. गल्ला रिकामा असता, मुठीत मावणारा आणि भरपूर नफा देणारा माल नाकारणे सोपे नसते, हे आम्ही व्यापारी जाणतो.

परंतु आमचा खरा प्रश्न ह्याहून अवघड आहे. ई-सिगारेट निषिद्ध आहे. तिच्या शेजारची सिगारेट, विडी व जर्दा मात्र सनदशीर आहेत आणि आमच्यापैकी कित्येकांच्या फळीवर आहेत. कायद्याने नाकारलेले तेवढेच आम्ही नाकारले, तर त्यात आमचे पुण्य कोणते? श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य स्पष्ट सांगितले आहे. परवाना असलेले विष त्यातून वगळलेले नाही. पात्र बदलून धंदा शुद्ध होत नाही, हे त्या बड्या कंपन्यांस सांगताना आमच्या फळीकडेही पाहिले पाहिजे.

गोवा राज्याने २००५ साली गुटख्यास बंदी केली, तरी आमची दुकाने चालूच राहिली. म्हणून आम्ही बंधूंस विनवितो: ई-सिगारेट दुकानाच्या उंबरठ्याआत येऊ देऊ नये, अठरा वर्षांखालील मुलास आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचा कोणताही पदार्थ विकू नये, कारण ती कायद्याचीही आज्ञा आहे, आणि ज्यांस शक्य असेल त्यांनी पुढील दिवाळीच्या वहीपूजनापासून तंबाखूचे खातेच बंद करावे.

डिचोली तालुक्यात कुडणे व नार्वे येथे जैन मंदिरांचे प्राचीन अवशेष आहेत. ती मंदिरे उभारणाऱ्यांनी वर्षाकाठी किती नफा मिळविला, ह्याची नोंद कोठेही उरलेली नाही. दगड मात्र उरले आहेत. आमच्या मागे काय उरावे, हे ठरविणे अजून आमच्या हाती आहे.