कांजीच्या वाटेवर – भाग ९ : देवळात देव नाही

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-३ पातळीची तयारी करताना मी वहीत लिहिलं, ‘जरा थांबा.’ सेनसेईंनी खाली लाल शाईत विचारलं, ‘काय धरू?’ मला लिहायचं होतं ‘मात्ते कुदासाई’, लिहून बसलो ‘मोत्ते कुदासाई’. ‘थांबणे’ आणि ‘धरणे’ या दोन कांजींची, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांची, उजवी बाजू हुबेहूब सारखी. फरक फक्त डावीकडे: धरण्याला हात, थांबण्याला पाऊल. (थांबायला पाऊल कशाला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.)

ती उजवी बाजू म्हणजे देऊळ, बौद्ध मंदिराची कांजी. एकदा ओळख पटली की ती जागोजागी भेटते. डावीकडे सूर्य आला की ‘वेळ’, वाणी आली की ‘कविता’, माणूस आला की ‘सामुराई’, बैल आला की चक्क ‘विशेष’.

मग गोष्टी रचायचा मोह होतो. देवळातली घंटा वेळ सांगते, म्हणून सूर्य आणि देऊळ मिळून ‘वेळ’! लक्षात ठेवायला झकास, पण खरी नव्हे. इथे देवळात देव नाही, नुसता घंटानाद आहे. देवळाचा उच्चार ‘जी’; वेळ, धरणे आणि सामुराई यांचाही ‘जी’. बहुसंख्य कांजी अशाच घडल्या आहेत: एक भाग अर्थ सुचवतो, दुसरा उच्चार. कविता मात्र ‘शी’, थांबणे ‘ताइ’ आणि विशेष ‘तोकु’. चीनमध्ये ही अक्षरं घडली तेव्हा हे उच्चार जवळचे होते, पुढे ते पांगले.

हे झाले चीनकडून आलेले उच्चार, म्हणजे ओनयोमी. अस्सल जपानी उच्चार ते कुनयोमी. मराठी माणसाला यात बिचकण्यासारखं काही नाही. आपलंही पाणी एकटं असताना पाणी असतं, ‘जलविद्युत’मध्ये शिरलं की जल होतं. तशी वेळ एकटी असताना ‘तोकि’, ‘जिकान’ किंवा ‘जिदाइ’मध्ये ‘जी’. आणि आपण ‘पाणीपुरवठा’ म्हणतोच, तशी तिथेही सरमिसळ आहे. नारातलं तोदाइ-जी आणि क्योतोतलं कियोमिझु-देरा, दोन्हींच्या शेवटी देवळाची तीच कांजी. पण ‘कियोमिझु’, म्हणजे निर्मळ पाणी, हा अस्सल जपानी शब्द; त्याच्यामागे अस्सल जपानी ‘तेरा’च येतो, जोडात ‘देरा’ होऊन.

नित्य वापराच्या सरकारी यादीत २१३६ कांजी आहेत. त्या सुट्या सुट्या पाठ करणं म्हणजे शिक्षाच. वहीत एकेका कुटुंबाला एक पान द्यावं. आणि हाताने लिहावं. जेएलपीटीत हाताने काही लिहावं लागत नाही, म्हणून अनेकजण पेन खाली ठेवतात. मला हे पटत नाही. नुसतं वाचताना डोळा ओळखीच्या उजव्या बाजूवर जातो आणि पुढे सरकतो. लिहिताना सुरुवातच डावीकडून करावी लागते.

या आठवड्याचा गृहपाठ: ‘सामुराई थांबतो’ आणि ‘सामुराई तलवार धरतो’ ही वाक्यं जपानीत लिहा. दोन वाक्यांत चार देवळं यायला हवीत.