यमूची भेट, उशिरा का होईना!

मैत्रिणींनो, काही पुस्तकांची नावं आपल्याला तोंडपाठ असतात, पण ती वाचायचा योग काही येत नाही. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी माझ्यासाठी अशीच. बी.ए.ला असताना तिच्यावर परीक्षेत टीप लिहिली होती. पुढे संसार, मुलांची शाळा, सासूबाईंचं आजारपण, बचतगटाच्या बैठका... ‘एवढं जाडजूड पुस्तक, त्यात जुनी भाषा, निवांतपणी बघू’ म्हणता म्हणता वीस वर्षं गेली. निवांतपणा काही आला नाही! शेवटी यंदा वाचनालयातून पुस्तक आणलं आणि रात्री ओटा आवरला की दहा पानं, असा नेम धरला.

भाषेची भीती चार दिवसांत गेली. कारण ही गोष्ट यमू स्वतः सांगते. आईचं सोसणं, वडिलांचा धाक, दादाची माया, मैत्रीण दुर्गीच्या संसाराची परवड... माजघरात बसून एखादीने मन मोकळं करावं तसं. यमूचा नवरा रघुनाथराव सुधारक विचारांचा. मुंबईच्या बिऱ्हाडात तिला सुखाचे दिवस दिसतात, वाचन होतं, विचार सुचू लागतात. आणि तो अकाली जातो. मग घरचीच माणसं जबरदस्तीने तिचं केशवपन करतात. तिथे मी पुस्तक मिटलं. दोन दिवस हात लावला नाही.

हरिभाऊंनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून ही कादंबरी क्रमशः छापली. तेव्हा ते अवघे सव्वीस वर्षांचे. पुरुष असून बाईच्या मनातलं त्यांना इतकं कसं कळलं, याचं नवल वाटतं. त्याच सुमारास, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचं संमतिवय दहाचं बारा करायचं, एवढ्यावरून केवढा गदारोळ उठला होता! अशा काळात दर आठवड्याला यमू लोकांच्या घरात शिरत होती.

‘आता कुठे राहिलंय तसं?’ असं कुणी म्हणेल. केशवपन गेलं, खरंच. पण मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेला ठराव करावा लागला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा, असं सरकारने परिपत्रक काढलं. म्हणजे यमूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी! आमच्या बचतगटातली एक तरुण मुलगी सगळा हिशेब चोख ठेवते, बँकेत एकटी जाते. पण हळदीकुंकवाला तीच मागे, दाराशी उभी राहते. तिला कुणी हाकलत नाही, पण ‘ये गं पुढे’ असंही कुणी म्हणत नाही.

म्हणून आता आम्ही गटाच्या बैठकीनंतर अर्धा तास ही कादंबरी मोठ्याने वाचतो. ज्यांना वाचता येत नाही त्याही रंगून ऐकतात, मध्येच आपल्या आजीच्या, आत्याच्या गोष्टी सांगतात. संक्रांतीचं पहिलं वाण कुणाला द्यायचं, तेही ठरलंय. तुमच्या भिशीत, महिला मंडळात हे पुस्तक काढून तर बघा. सगळं एकदम वाचायची घाई नको, रोज दहा पानं पुरेत.