नातीचा विषय आणि आपली पेढी

माझी नात यंदा बी.कॉम. झाली. पुढे आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम.ए. करण्याची इच्छा तिने बोलून दाखवली, तेव्हा घरात क्षणभर शांतता पसरली. "सी.ए. सोडून हे काय? पेढीला याचा काय उपयोग?" हा तिच्या वडिलांचा प्रश्न अगदीच गैर नव्हता. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "दादाजी, तुम्हीच सांगा ना."

बँकेत असताना मी अनेक वर्षे निर्यातदारांची कागदपत्रे तपासली. एलसीच्या अटी, विमा, बिल ऑफ लेडिंग हे सारे मला तोंडपाठ होते. परंतु मालाचे भवितव्य ज्या निर्णयांवर अवलंबून असते, ते निर्णय त्या कागदांत कधीच दिसत नसत.

नाशिककरांना याचे उदाहरण शोधावे लागत नाही. 19 ऑगस्ट 2023 रोजी केंद्र सरकारने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावले. त्याच वर्षी 8 डिसेंबरपासून निर्यातबंदी आली. 4 मे 2024 रोजी निर्यात खुली झाली, तरी शुल्क कायम राहिले. ते पूर्णपणे रद्द झाले 1 एप्रिल 2025 पासून. याच काळात तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे युरोपकडे जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि आपल्या द्राक्षांचा प्रवास लांबला.

म्हणजेच लासलगावचा भाव समजून घ्यायचा, तर शेती, महागाई, निवडणुका, शेजारी देशांशी असलेले संबंध, सागरी मार्ग आणि व्यापारी कायदे यांचा एकत्रित विचार करावा लागतो. म्हणूनच या अभ्यासक्रमात राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, भूगोल, कायदा आणि परकीय भाषा यांची सांगड घातलेली असते. आपल्या देशात या विषयासाठी 1955 मध्ये दिल्लीत स्वतंत्र संस्था स्थापन झाली. 1970 मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. आता पुण्यात सिम्बायोसिसमध्येही हे शिक्षण मिळते, तर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाच्या वतीने परकीय भाषा शिकता येतात.

तथापि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सी.ए.प्रमाणे ही पदवी हाती कोणताही परवाना देत नाही. केवळ वर्तमानपत्री चर्चेची आवड असेल, तर या वाटेला जाऊ नये. म्हणून मी नातीला तीन अटी घातल्या: एक परकीय भाषा व्यवहारात वापरता येईल इतकी शिकावी, अर्थशास्त्र व आकडेमोड सोडू नये, आणि प्रत्येक सुट्टीत पेढीवर बसून निर्यातीचे कागद वाचावेत.

तिने तिन्ही मान्य केल्या. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "प्रवेशाचा फॉर्म कधीपर्यंत भरायचा आहे?"

आपल्या पूर्वजांनी गावोगावच्या बाजारपेठांची नाडी ओळखून पेढ्या उभ्या केल्या. आता बाजारपेठ समुद्रापार गेली आहे. तिची नाडी ओळखणारे कुणीतरी घरात असावे, एवढेच माझे म्हणणे.